सावर्डेकरबाईंची एम. आय. रूम

"बुखार बाद में. पहले बोल, लेक्चर कौन-सा डुबाया?"

आमच्या कॉलेजच्या आजारी खोलीत आलेल्या प्रत्येक मुलीला सावर्डेकरबाई पहिला प्रश्न हा विचारत. त्यांच्या हिंदीला मिरजेची चाल होती आणि तीस वर्षं उत्तरेत काढूनही ती गेली नव्हती. 'लेक्चर डुबाया' ऐकलं की लखनौच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसत. बाई त्यांना हसू देत आणि तेवढ्या वेळात एका हाताने नाडी बघून, दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढून मोकळ्या होत. "हसते आहेस म्हणजे मरत नाहीस. पण डोळे पांढरेफटक. सकाळी काय खाल्लंस? चहा? चहा काय खाणं आहे?" मग गूळ-चण्याचा डबा पुढे यायचा, आणि तो समोर बसून संपवल्यावर मुलीची रवानगी घरी नाही, वर्गात.

याआधी आमच्याकडे मुलगी आजारी पडली की ऑफिसातून एक गोळी आणि घरी जायची परवानगी. बाईंना ते मंजूर नव्हतं. "अहो देशमुख, घरी पाठवणं हा काही उपचार नव्हे," त्या मला म्हणत. "घरी गेली की ती भांडी घासणार. आजारीही राहणार आणि लेक्चरही जाणार."

बाई सैन्यातल्या नर्सिंग ऑफिसर. मेजर म्हणून निवृत्त झाल्या, शेवटची नेमणूक लखनौ छावणीत होती, आणि पुढे इथेच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत छोटं घर घेऊन राहिल्या. का राहिल्या, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना तसं काही विचारायची सोय नव्हती. आमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांना कंत्राटावर घेतलं, कारण तपासणी समिती येणार होती आणि समितीच्या यादीत आजारी खोली आणि प्रशिक्षित नर्स या दोन्ही गोष्टी होत्या. खोलीत तेव्हा स्नेहसंमेलनाचे पडदे, एक मोडकी पेटी आणि कुठल्याशा माजी मंत्र्यांच्या स्वागताची कमान पडलेली होती. बाईंनी पहिल्याच सकाळी ते सगळं प्राचार्यांच्या ऑफिसासमोर नेऊन मांडलं आणि दारावर खडूने लिहिलं : एम. आय. रूम. छावणीत जवानांना सकाळी तपासतात ती जागा म्हणजे एम. आय. रूम. मुली त्यांना 'मेजर मैम' म्हणू लागल्या.

मी तिथे रसायनशास्त्र शिकवतो. मूळचा अमरावतीचा, पण आता इथलाच म्हणायचा. कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून बाई मधल्या सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसत आणि जगावर रागावत. मी ऐकून घ्यायचो. मला रागावता येत नाही, फक्त नंतर वाईट वाटतं. हा माझा स्वभाव बाईंनी आठवड्याभरात ओळखला होता. "तुम्ही चांगले आहात हो," त्या एकदा म्हणाल्या, "पण तुमचा उपयोग होत नाही."

मी हसलो. काय करणार?

आमच्याकडे बऱ्याच मुलींची लग्नं दुसऱ्या वर्षाला होतात. तिसऱ्या वर्षाला काही जणी पोटुश्या असतात, काही जणींच्या कडेवर मूल असतं. आम्ही प्राध्यापक हे बघत नाही, म्हणजे बघूनही हजेरीच्या टक्क्यांतच मोजतो. बाईंनी आल्या आल्या एक साधी गोष्ट पाहिली, जी मला इतकी वर्षं दिसली नव्हती : मूल असलेल्या मुली बुधवारी हमखास गैरहजर. सरकारी केंद्रावर लसीकरणाचा वार बुधवार, आणि माझं प्रॅक्टिकलही बुधवारी. बाळाला टोचायला नेलं की रांगेत सकाळ जाते, संध्याकाळी बाळाला ताप येतो, आणि गुरुवारही जातो. अशी प्रॅक्टिकलं बुडत बुडत मुलगी परीक्षेला अपात्र ठरते, आणि आम्ही स्टाफरूममध्ये म्हणतो, "शादी के बाद लड़कियों का मन नहीं लगता."

"मन?" बाई कडाडल्या. "तुमच्या टाइमटेबलाला मन आहे का ते बघा आधी."

त्यांनी बैठकीत विषय काढला. एक तर प्रॅक्टिकलचा वार बदला, नाहीतर लस टोचणारी ए. एन. एम. दीदी महिन्यातून एकदा कॉलेजात बोलावू. त्याच वेळी आयांचं रक्त, रक्तदाब, टाके सगळं तपासून होईल. प्राचार्या मॅडम थंडपणे म्हणाल्या, "मेजर साहिबा, यह कॉलेज है, जच्चा-बच्चा केंद्र नहीं." जच्चा म्हणजे बाळंतीण.

"जच्चा तो आपकी बेंच पर बैठी है, मैडम. मैं कहाँ से लाई?"

कोणीतरी खोकलं, कोणी मोबाइल काढला. वार माझ्या विषयाचा होता, तेव्हा बोलायला हवं होतं मी. मी वहीच्या कोपऱ्यात बेंझिनची कडी काढत बसलो. परवानगी शेवटी मिळाली, पण किती महिन्यांनी आणि किती सह्यांनी, ते सांगून पुन्हा चिडचिड करून घेत नाही. ए. एन. एम. दीदी एकदाच आली. पोर्चमध्ये सतरंजी घालून बाळं टोचली. पोरं ओरडत होती आणि त्यांच्या आया आळीपाळीने माझ्या प्रयोगशाळेत टायट्रेशन करत होत्या. इतकं भरलेलं प्रॅक्टिकल मी पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात कोणीतरी 'कॉलेजच्या प्रतिमे'चा मुद्दा काढला आणि ते बंद झालं.

बाईंच्या खोलीत एक स्टीलचा मोठा डबा असे. त्यात अळिवाचे लाडू. अळीव इथेही मिळतात, चंसुर म्हणतात त्याला, पण बाईंचा त्यावर विश्वास नव्हता. त्या मिरजेहून मागवत. नारळ आमच्या घरी खवला जायचा. माझी बायको सुनीता आणि बाई स्वयंपाकघरात लाडू वळत बसत, आणि बाई माझ्या मुलीला मराठीत झापत. ती हिंदीत उत्तर देई. "आंटी, मैं समझती हूँ सब." "समजतेस ना? मग बोल की! तोंडात काय लाडू आहे?" तोंडात खरंच लाडू असायचा.

रोशनी अशीच लाडवाच्या डब्यापाशी मला पहिल्यांदा नीट दिसली. वर्गात ती तिसऱ्या बाकावर असे, न विचारता बरोबर उत्तर देणारी, आणि दिलं की खाली बघणारी. माहेर वृंदावन योजनेतलं, बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या. सासर चारबागला, सासऱ्यांचा स्टेशनासमोर लॉज. सहावा महिना चालू होता. बाळंतपणाचा अंदाज मेच्या सुरुवातीचा, आणि शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा त्यानंतर लगेच. तिला बी. एड. करायचं होतं. "मैम, यह साल निकल गया तो फिर कोई नहीं भेजेगा," ती म्हणाली. रडून नाही, बसची वेळ सांगावी तसं.

बाईंनी आखणी केली. ती इतकी साधी होती की मीही मान डोलावली. मुलीने बाळंतपणाला माहेरी यावं. आई जवळ, आरोग्य केंद्र जवळ, कॉलेज जवळ, आणि बाई स्वतः दोन गल्ल्यांवर. पेपरच्या दिवशी आजी बाळ घेऊन एम. आय. रूममध्ये बसेल. यात अवघड काय होतं? मिरजेत काय आणि अमरावतीत काय, पहिलं बाळंतपण माहेरचंच. सुनीताचं तसंच झालं होतं. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं ते आम्हाला वाटत होतं.

एका रविवारी बाई मला घेऊन चारबागला गेल्या. मुलीचे प्रोफेसर बरोबर असलेले बरे, म्हणून. लॉजच्या वर घर होतं. रोशनीच्या सासूबाईंनी, त्यांना घरात सगळे अम्माजी म्हणत, आमचं फार चांगलं स्वागत केलं. समोसे आले, खस्ता कचोऱ्या आल्या. रोशनी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी होती. बाईंनी बहूचं कौतुक केलं, मग बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तो अम्माजी, पहली डिलिवरी मायके में ही होगी ना? मैं सब संभाल लूँगी."

अम्माजींनी समोशांची थाळी खाली ठेवली.

"मायके में?" अम्माजी म्हणाल्या. "क्यों मैडम? हमारे यहाँ कौन-सी कमी है?"

"कमी की बात नहीं, वो तो रिवाज..."

"किसका रिवाज? हमारे यहाँ वंश का बच्चा अपने घर में होता है. मायके वही भेजते हैं जिन्हें बहू रखनी न हो." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "यह बात इसने कही आपसे?"

बाईंनी दहा वेळा सांगितलं की मुलीने एक शब्दही काढलेला नाही. पण जे व्हायचं ते झालं होतं. ही मुलगी घरातल्या गोष्टी बाहेर बोलते, माहेरी पळायला बघते, असं त्या एका वाक्यातून ठरून गेलं. दुसऱ्या दिवसापासून रोशनीचं कॉलेज बंद झालं. फोन लागेना.

परत येताना मी बाईंच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. छावणीच्या शांत रस्त्याला लागल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"देशमुख, मी हजारांनी बाळंतपणं केली. पंजाबी, मद्रासी, गढवाली, सगळ्या. पण हॉस्पिटलच्या आत. बाई आत आली की तिचं घर बाहेर राहायचं. मी कधी कुणाच्या घरात शिरून बघितलंच नाही, ती कुठून आली ते." मग मागे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही इतकी वर्षं या पोरींना शिकवताय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी त्यांना शिकवत होतो, त्या कुठून येतात ते मला माहीत नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात रोशनी हॉस्पिटलात बाळंत झाली, मुलगा झाला, आणि दोन दिवसांत घरी गेली. ही बातमी तिच्या आईकडून कळली. त्या आईलाही लेकीकडे जाता येत नव्हतं. मुलीच्या सासरी पाणीही पिऊ नये असं मानणारं घर. बाई लाडवांचा डबा घेऊन चारबागला गेल्या. अम्माजींनी डबा घेतला आणि त्यांना व्हरांड्यातूनच परत पाठवलं. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, रिकामा डबा न्यायला. डबा मिळाला, दार बंद. तिसऱ्या दिवशी काय निमित्त काढलं देव जाणे. व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मे महिना, लू वाहत होती.

अम्माजी शेवटी बाहेर आल्या. "आप जाएँगी नहीं?"

"मेरी माफ़ी अभी बाकी है. मैंने आपके घर में बैठकर आपके घर की बेइज्जती की. मुझे मालूम नहीं था."

अम्माजी बाजूच्या खुर्चीवर बसल्या आणि दंड पुढे केला. "आ ही गई हैं तो मेरा बी. पी. देख लीजिए. सुबह से सिर घूम रहा है."

रक्तदाब फार चढलेला निघाला. बाईंनी त्यांना पाणी प्यायला लावलं, पाय वर घेऊन बसवलं, पिशवीतून चिठ्ठी काढून कोणत्या डॉक्टरकडे आजच जायचं ते लिहून दिलं. मग पट्टा गुंडाळता गुंडाळता, सहज विचारावं तसं, "बहू कैसी है?"

"बुखार है दो दिन से. दूध उतर रहा है, और क्या."

हे सगळं बाईंनी मला नंतर सांगितलं, एरवीसारखं आवाज चढवून नाही, अगदी हळू. खोलीचं दार उघडलं तेव्हाच त्यांना वास आला. खिडक्या बंद होत्या. रोशनी कांबळं घेऊन कुडकुडत होती आणि उशीखाली सेंद्रिय रसायनाचं पुस्तक होतं. अंगात जंतू पसरले होते. "अजून दोन दिवस गेले असते, तर ते दुधाचा ताप म्हणत राहिले असते आणि पोर गेली असती." बाईंनी आरडाओरडा केला नाही, कुणाला दोष दिला नाही. अम्माजींना म्हणाल्या, "आप चलिए साथ में. आपकी बहू है, आप ही भर्ती कराइए." आणि अम्माजी, ज्यांचं स्वतःचं डोकं गरगरत होतं, नातवाला छातीशी धरून ऑटोत बसल्या.

रोशनी वाचली. पेपर चालू होते तेव्हा ती हॉस्पिटलात होती. मी परीक्षा विभागात होतो. फॉर्म आधीच भरलेला होता, म्हणून तिचा आसन क्रमांक रोज रिकाम्या बाकावर चिकटवलेला दिसायचा, आणि मी तिच्या नावापुढे रोज 'अनुपस्थित' लिहायचो. आजारपणाचा काही नियम आहे का, ते मी विचारून पाहिलं. नियम होता, पण बाळंतपण हा आजार नाही, असं उत्तर मिळालं. आणि ज्यामुळे ती मरायला टेकली, तो आजार नाही का, असं विचारायला मी गेलो, तेव्हा संबंधित साहेब जेवायला गेले होते.

त्याच महिन्यात तपासणी समिती येऊन गेली. समितीने एम. आय. रूमचं फार कौतुक केलं, प्राचार्यांबरोबर फोटो काढला. जूनमध्ये बाईंचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. समिती आता पुन्हा बऱ्याच वर्षांनी येणार होती. खोलीत आधी खुर्च्या ठेवल्या, मग कमान परत आली.

मला वाटलं, संपलं. बाईंना तसं वाटलं नाही. कॉलेजने काढल्यामुळे त्या उलट मोकळ्या झाल्या. सगळा उन्हाळा आणि पुढचा पावसाळा त्या चारबागला जात राहिल्या. अम्माजींचा रक्तदाब बघायचा, बाळाचं वजन करायचं, लसीच्या दिवशी रांगेत स्वतः उभं राहायचं आणि तेवढ्या वेळात रोशनीला घरात पुस्तक घेऊन बसवायचं. रोशनीचं रक्त फार कमी झालेलं होतं, जिना चढली तरी धाप लागे. "अहो, या अंगाने ती काय अभ्यास करणार? आधी रक्त, मग रसायन," बाई म्हणत, आणि माझ्या नोट्स लाडवांच्या डब्याबरोबर घेऊन जात. मधे एकदा रोशनीने बाईंना विचारलं, पाळणा लांबवायचं काही साधन मिळेल का, पण घरात कळायला नको. बाईंनी थोडा विचार केला आणि ते अम्माजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मैंने छह बच्चे जने, मैडम. मुझसे किसी ने पूछा था?" आणि सुनेला स्वतः आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या.

पुढे कधीतरी माहेरहून निरोप आला की परीक्षेपुरती तरी मुलीला पाठवा. अम्माजी ताठ झाल्या. "क्यों? इम्तिहान यहीं से देगी. हमारी बहू है, हमारे घर से जाएगी." बाई मला हे सांगताना इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. घराण्याचा जो ताठा आम्हाला आडवा आला होता, तोच आता रोशनीला परीक्षेला नेत होता. मी म्हटलं, "बाई, जिंकलात तुम्ही." त्या एकदम गंभीर झाल्या. "काय जिंकले? एका पोरीसाठी एक म्हातारी वर्षभर स्कूटर मारते आहे. तुमच्या प्रत्येक वर्गात अशा किती आहेत? त्यांना म्हाताऱ्या कुठून आणू?"

हे आठवलं की मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, कारण जिथे जिथे बोट दाखवावं तिथे मीही कुठेतरी उभा असतो.

रोशनी पास झाली. एका विषयात काठावर, माझ्या विषयात चांगल्या गुणांनी. सध्या बी. एड. करते. बाई त्यानंतर मिरजेला भावाकडे गेल्या. गुडघे गेले होते, स्कूटर चालवणं होईना. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. सुनीताला फोन केला, लाडवांचं प्रमाण सांगितलं आणि गेल्या.

बाई आठवल्या की डोळ्यांसमोर येतो तो रोशनीच्या पहिल्या पेपरचा दिवस. परीक्षार्थींखेरीज कुणाला आत सोडायचं नाही असा आदेश होता, त्यामुळे चौकीदाराने बाईंना आणि अम्माजींना फाटकातून आत घेतलं नव्हतं. बाळ अंगावर पिणारं, म्हणून बरोबर आणलेलं. सकाळी अकराचं ऊन होतं. अम्माजी फाटकाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. बाई बाळाला खांद्यावर घेऊन उन्हाकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यांची सावली बाळावर पडेल अशा बेताने, आणि ऊन सरकेल तशा त्या थोड्या थोड्या वळत होत्या. मी वरच्या मजल्यावरून पाहिलं. मग खाली गेलो, प्राचार्यांशी बोललो, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोललो, आणि पोर्चपर्यंत येऊ द्यायची परवानगी घेऊन धावत फाटकाशी गेलो.

"बाई, या आत. सावलीत बसा."

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता झोपलंय. हलवलं की उठेल, रडेल, आणि तिला वर ऐकू जाईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही वर जा, देशमुख. तिच्या वर्गातला पंखा चालू आहे का बघा."